चूक कुणाची, फायदा कुणाचा?



दुकानातून सामान आणल्यावर तुम्ही बिल तपासून बघता का? खरं खरं सांगा हं! बहुतेक घरांत बिल पिशवीच्या तळाशी जातं, तिथे कोथिंबिरीच्या पाण्यानं भिजतं आणि दुसऱ्या दिवशी केराच्या टोपलीत पडतं. आमच्याकडेही हेच चालायचं. पण माझ्या भाच्यानं मला एक धडा दिला. म्हणजे, आधी मीच त्याला धडा द्यायला गेले होते, आणि मग तो माझ्यावरच उलटला. तीच गोष्ट आज सांगते. गोष्टीत थोडा कायदा आहे, थोडं गणित आहे आणि शेवटी काही प्रश्न आहेत. उत्तरं मात्र तुम्ही द्यायची.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत मिशिगन राज्यात राहते. २०१८ च्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे दोन महिने राहिले होते. तिचा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता. "मावशी, माझं नाव छापायचं नाही," अशी त्याची अट आहे, म्हणून आपण त्याला बंड्या म्हणू या.

एके दिवशी बहिणीनं आम्हा दोघांना जवळच्या सुपरमार्केटात पाठवलं. दूध, कांदे, लिंबं आणि कॉर्नफ्लेक्सचं एक खोकं. पैसे देऊन आम्ही बाहेर पडलो, तर बंड्या दारातच थांबला आणि बिल वाचायला लागला. एकेक ओळ, अगदी बोट लावून!

"मावशी, कॉर्नफ्लेक्सच्या फळीवर ३ डॉलर ४९ सेंट लिहिलं होतं ना? बिलात ३ डॉलर ९९ लावलेत."

"पन्नास सेंट ना? जाऊ दे रे," मी म्हटलं.

पण बंड्या कुठला ऐकतोय! तो सरळ तक्रारीच्या काउंटरवर गेला. तिथल्या बाईंना बिल दाखवलं, फळीवरच्या चिठ्ठीचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. त्या बाईंनी काही वाद घातला नाही. मोजून साडेपाच डॉलर त्याच्या हातावर ठेवले.

मी चाटच पडले. पन्नास सेंट जास्त घेतले, तर परत पन्नास सेंट मिळायला हवेत. हे वरचे पाच डॉलर कसले?

"तो बोनस, मावशी. कायदाच आहे आमच्याकडे," बंड्या ऐटीत म्हणाला.

मला वाटलं, हा आपल्याला बनवतोय. पण घरी येऊन शोधलं तर खरंच तसा कायदा निघाला. तो समजून घ्यायला आपल्याला थोडं मागे जावं लागेल.

तुम्ही वस्तूवरच्या काळ्या-पांढऱ्या रेघा पाहिल्या असतील. त्यांना बारकोड म्हणतात. दुकानात अशा रेघा वाचून बिल करायची सुरुवात २६ जून १९७४ रोजी झाली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय नावाचं गाव आहे. तिथल्या एका सुपरमार्केटात सकाळी आठच्या सुमारास च्युइंगगमचं एक पाकीट यंत्रासमोर धरलं गेलं, आणि ६७ सेंट ही किंमत उमटली.

आता एक गंमत सांगते. बऱ्याच जणांना वाटतं, की त्या रेघांत किंमत लिहिलेली असते. तशी ती नसते! दुकानातल्या डबाबंद मालावर असतो तो बारकोड म्हणजे फक्त त्या वस्तूचा क्रमांक, तुमचा हजेरीपटावर असतो ना, तसा. यंत्र तो क्रमांक वाचतं आणि दुकानाच्या संगणकाला विचारतं, "बाबा रे, या नंबरची किंमत काय?" संगणक जे सांगेल ते बिलात येतं.

म्हणजे एकाच वस्तूची किंमत दोन जागी असते. एक फळीवरच्या चिठ्ठीवर आणि दुसरी संगणकात. संगणकातली किंमत एका बटणासरशी बदलते. फळीवरची चिठ्ठी मात्र कुणीतरी हातानं काढायची आणि हातानं लावायची. सवलतीची मुदत रात्री संपली, संगणकानं किंमत वाढवली, आणि चिठ्ठ्या बदलणाऱ्या मुलाच्या नजरेतून एक फळी सुटली, की झाला घोटाळा. आमच्या कॉर्नफ्लेक्सचं नेमकं हेच झालं होतं.

बारकोड येण्याआधी प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी चिकटवलेली असे. बारकोड आल्यावर दुकानदार म्हणू लागले, आता कशाला हा उपद्व्याप? पण गिऱ्हाइकांना भीती वाटली, की वस्तूवर किंमतच नसेल तर संगणक जास्त पैसे लावतोय हे आम्हाला कळणार कसं? म्हणून मिशिगननं १९७६ साली कायदा केला आणि वस्तूवस्तूवर किंमत लावणं सक्तीचं केलं. पुढे २०११ साली ती सक्ती उठली. वस्तूजवळ ठळक दिसेल अशी किंमत लावली, तरी चालेल असं ठरलं. पण जुन्या कायद्यातली एक गोष्ट नव्या कायद्यानं सोडली नाही. तीच बंड्याची साडेपाच डॉलरची गोष्ट!

तिचा नियम असा. दाखवलेल्या किमतीपेक्षा यंत्रानं जास्त किंमत लावली, तर गिऱ्हाइकानं बिल घेऊन तीस दिवसांच्या आत दुकानाला कळवायचं. दुकानानं दोन दिवसांच्या आत जास्तीचे पैसे परत करायचे, आणि वर फरकाच्या दहापट बोनस द्यायचा. मात्र बोनस एक डॉलरपेक्षा कमी नाही आणि पाच डॉलरपेक्षा जास्त नाही. आता गणित करा बघू. फरक पाच सेंटचा असेल तर दहापट होतात पन्नास सेंट, पण किमान एक डॉलर मिळणारच. फरक दोन डॉलरचा असेल तर दहापट वीस होतात, पण मिळणार पाचच. आणि एकाच बिलात तीच वस्तू चार नग घेतली, तर चारही नगांवरचे जास्तीचे पैसे परत मिळतात, बोनस मात्र एकदाच. दुकानानं पैसे द्यायला नकार दिला तर गिऱ्हाईक कोर्टात जाऊ शकतं, आणि तिथे भरपाई निदान अडीचशे डॉलर! चूक मुद्दाम केली की नकळत झाली, हे गिऱ्हाइकानं सिद्ध करायची गरज नाही.

शेजारच्या कॅनडात २००२ पासून थोडी वेगळी पद्धत आहे. तिथे बहुतेक प्रांतांत कायद्याची सक्ती नाही, दुकानांनी आपण होऊन स्वीकारलेली आचारसंहिता आहे. तिच्यात सामील झालेल्या दुकानात यंत्रानं जास्त किंमत लावली आणि वस्तूची खरी किंमत दहा डॉलरपर्यंत असली, तर वस्तू फुकट! त्यापेक्षा महाग असली तर दहा डॉलरची सूट. पण त्याच वस्तूचा दुसरा नग घेतला असेल, तर तो खऱ्या किमतीला.

तुम्ही म्हणाल, पन्नास सेंटसाठी एवढं मोठं बक्षीस कशाला? मलाही आधी तसंच वाटलं. मग मी हिशेब केला. समजा, त्या चुकलेल्या चिठ्ठीमुळे हजार लोकांनी पन्नास-पन्नास सेंट जास्त दिले. दुकानाकडे जमले पाचशे डॉलर. पण एकेकट्या माणसाचं नुकसान इतकं किरकोळ, की कुणीच तक्रार करणार नाही. "जाऊ दे," असंच म्हणेल, जसं मी म्हटलं. सरकारी निरीक्षक तरी किती फळ्या तपासणार? म्हणून कायद्यानं युक्ती केली. प्रत्येक गिऱ्हाइकालाच निरीक्षक बनवलं, आणि तपासणीचा मेहनताना म्हणून पाच डॉलरपर्यंत ठेवले. दुकानाला दंड बसला, की ते चिठ्ठ्या वेळेवर बदलायला शिकतं.

तेव्हा पहिल्या दिवशी बंड्यानं जे केलं, ते अगदी बरोबर होतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि चिक्कूपणाही नाही. मी त्याला मनातल्या मनात शाबासकी दिली.

पण गोष्ट इथे संपली नाही. इथे तर ती सुरू झाली!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंड्या सायकल घेऊन बाहेर पडला आणि येताना कॉर्नफ्लेक्सचं आणखी एक खोकं घेऊन आला. खिशात साडेपाच डॉलर. तक्रारीच्या काउंटरवर पैसे तर मिळाले होते, पण फळीवरची चिठ्ठी बदलायचं सगळेच विसरले होते! तिसऱ्या दिवशी त्यानं त्याच्या मित्रालाही सोबत घेतलं. एका बिलाला एकच बोनस ना? मग दोघांची दोन वेगळी बिलं. खोक्याचे खरे पैसे जायचे साडेतीन डॉलर आणि बोनस मिळायचा पाच. म्हणजे कॉर्नफ्लेक्स फुकट आणि वर दीड डॉलर शिल्लक. स्वयंपाकघरात खोक्यांची चळत लागायला लागली.

"अरे, कॉर्नफ्लेक्सचं दुकान काढणार आहेस का?" बहिणीनं विचारलं. बंड्या नुसता हसला.

मित्राची तर त्याच्यापुढे मजल गेली. तो म्हणाला, "शेजारच्या फळीवरची स्वस्त चिठ्ठी काढून महागाच्या खोक्याखाली लावली तर?" हे ऐकून मात्र बंड्या चमकला. "ए, ती चोरी आहे," तो म्हणाला. आणि ते खरंच होतं. पैसे कमी द्यावे लागावेत म्हणून किमतीची चिठ्ठी बदलणं, हलवणं किंवा लपवणं हा मिशिगनच्या कायद्यात गुन्हा आहे, आणि आपल्याकडेही ती सरळसरळ फसवणूकच ठरेल. चूक शोधणं वेगळं आणि चूक तयार करणं वेगळं. एवढं बंड्याला न सांगता कळत होतं.

पण या दोन्हींच्या मध्येही एक जागा आहे. चूक तयार केली नाही, पण ती मिटूही दिली नाही, तर?

चौथ्या दिवशी मी त्याच्याबरोबर पायी गेले होते. बंड्या फळीपाशी उभा होता. तेवढ्यात एक वयस्कर आजी ढकलगाडी घेऊन आल्या. चष्मा वर करून त्यांनी चिठ्ठी नीट वाचली, पर्समधला कागद काढून काहीतरी जुळवलं आणि दोन खोकी गाडीत ठेवली. बंड्यानं ते पाहिलं. बंड्यानं पाहिलं, हे मीही पाहिलं. तो काही बोलला नाही. बोलला असता तर आजींनी दुकानातल्या माणसाला हाक मारली असती, त्यानं चिठ्ठी काढली असती आणि उद्यापासून पाच डॉलर बंद!

आजी काउंटरवर गेल्या. पैसे दिले, बिल न बघता पर्समध्ये कोंबलं आणि निघून गेल्या. दोन खोक्यांवर त्यांचा एक डॉलर गेला.

घरी परत येताना मी विषय काढला. "बंड्या, त्या आजींना सांगायला काय हरकत होती?"

"मावशी, चूक दुकानाची आहे. मी पहिल्याच दिवशी दाखवली होती की नाही? त्यांनी दुरुस्त केली नाही, यात माझा काय दोष?"

आता हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही बरं का. पहिल्या दिवशी त्यानं खरंच कळवलं होतं. दुकानानं आळस केला. आणि कायद्याचे नुसते शब्द बघितले, तर दाखवलेली किंमत कमी आणि लावलेली जास्त, हे चौथ्या दिवशीही तितकंच खरं होतं.

"शिवाय ही दुकानं मुद्दामच करतात," तो पुढे म्हणाला.

हे मात्र मला तपासून बघावंसं वाटलं. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या व्यापार आयोगानं १९९६ साली अनेक दुकानांतल्या वस्तूंच्या किमती यंत्रावर तपासल्या होत्या. वीस वस्तूंमागे साधारण एकीची किंमत चुकलेली निघाली. पण त्यातही जास्त पैसे लावणाऱ्या चुकांपेक्षा कमी पैसे लावणाऱ्या चुका किंचित अधिक होत्या! दोन वर्षांनी, १९९८ साली, पुन्हा मोठी तपासणी झाली, तेव्हा चुका तीस वस्तूंमागे एकीवर आल्या होत्या. म्हणजे चूक दिसली, की त्यामागे लबाडीच असणार असं धरून चालता येत नाही. पुष्कळदा त्यामागे असतो एक दमलेला माणूस आणि राहून गेलेली चिठ्ठी.

मग मी बंड्याला म्हटलं, "हे बघ, तुला पाच डॉलर कशाचे मिळतात? चूक पकडल्याचे. गावात चोर शिरला म्हणून ओरडणाऱ्या राखणदाराला आपण पगार देतो. पण पगार चालू राहावा म्हणून राखणदार चोराला दार उघडं ठेवायला लागला, तर त्याला काय म्हणायचं? पहिल्या दिवशी तू त्या आजींच्या बाजूला होतास. आज तू कुणाच्या बाजूला होतास?"

बंड्या काही बोलला नाही. मला वाटलं, वा, काय छान समजावलं आपण! माझी मान ताठ झाली. आणि आता माझी फजिती ऐका.

शनिवारी आठवड्याचं सामान भरायला आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. या वेळी बहीण गाडीत बसून राहिली आणि आम्ही दोघं आत. बरंच सामान होतं. नऊ किलो तांदळाची एक पोतडी होती, ती मी ढकलगाडीच्या खालच्या कप्प्यात ठेवली. पैसे दिले, बाहेर आलो, सामान गाडीच्या डिकीत भरायला लागलो. बंड्या नेहमीप्रमाणे बिल वाचत होता.

"मावशी, तांदूळ नाहीये."

"अरे, हा काय, आत्ता डिकीत ठेवला!"

"डिकीत आहे. बिलात नाहीये."

मी बिल बघितलं. खरंच की! काउंटरवरच्या मुलीला खालच्या कप्प्यातली पोतडी दिसलीच नव्हती. तांदूळ होता अठरा डॉलरचा. त्या वेळच्या हिशेबानं बाराशे रुपये.

आता खरं सांगायचं तर मित्रांनो, माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "जाऊ दे रे. त्यांचीच चूक आहे. तुझी आई केव्हाची खोळंबलीय."

बंड्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, हसूनही नाही. नुसतं पाहिलं. आणि मग म्हणाला, "मावशी, परवा मीही हेच म्हणालो होतो."

मी खजील झाले. पन्नास सेंटच्या चुकीवर मी त्याला राखणदार आणि चोराची गोष्ट सांगितली होती, आणि अठरा डॉलरची चूक माझ्या फायद्याची निघाल्याबरोबर माझ्या तोंडी त्याचंच वाक्य आलं होतं. दुकानदाराचा काटा मारलेला तराजू आपल्याला लगेच दिसतो. आपल्या मनातल्या तराजूचं काय?

आम्ही दोघं परत आत गेलो. काउंटरवर त्याच बाई होत्या. बंड्यानं बिल पुढे केलं. त्यांना वाटलं, हा आजही साडेपाच डॉलर मागणार! त्यांनी गल्ला उघडायला हातसुद्धा पुढे नेला. "नाही, आज आम्हालाच द्यायचेत," बंड्या म्हणाला. मी अठरा डॉलर भरले. बाईंनी आभार मानले. आम्ही वळलो, तेवढ्यात बंड्या थांबला आणि म्हणाला, "आणि ती कॉर्नफ्लेक्सची चिठ्ठी अजून तशीच आहे. प्लीज, आता काढून टाका." बाईंनी एका मुलाला त्याच्याबरोबर पाठवलं. दोन मिनिटांत जुनी चिठ्ठी गेली, नवी लागली.

गाडीत बसल्यावर बंड्या म्हणाला, "गेले माझे पाच डॉलर!" आणि मग आम्ही तिघंही पोट धरून हसलो. खोकी मात्र पुढे महिनाभर संपत नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मिशिगनमधलं. आपल्याकडे काय?

आपल्याकडे दहापट बोनस देणारा कायदा नाही. पण आपल्याकडे पाकीटबंद वस्तूवर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. तिलाच आपण एमआरपी म्हणतो. २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम सांगतात, की छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेऊन वस्तू विकता येत नाही. "थंड करायचे दोन रुपये वेगळे" असं एखादा दुकानदार शीतपेयाच्या बाटलीवर म्हणतो ना, ते नियमात बसत नाही. कमी किमतीला मात्र तो खुशाल विकू शकतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार खरेदीचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. किमतीबद्दल लोकांची दिशाभूल करणं हीसुद्धा. तेव्हा बिल मागायला लाजू नका. ते वाचा. चूक दिसली तर आधी दुकानातच शांतपणे दाखवा. बहुतेक वेळा तिथेच काम होतं. नाहीच झालं, तर आईबाबांना सांगा. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे त्यांना तक्रार करता येते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. फळीवर दोन हजारांच्या पंख्याला चुकून दोनशेची चिठ्ठी लागली, म्हणजे दुकानदारानं तो दोनशेला द्यायलाच हवा, असं प्रत्येक वेळी नसतं. इंग्लंडमध्ये १९५३ साली एका औषधाच्या दुकानाचा खटला गाजला. तिथे स्वतःच्या हातानं वस्तू उचलून घ्यायची सोय होती. कोर्ट म्हणालं, फळीवर मांडलेली वस्तू म्हणजे करार नव्हे, ते फक्त "या, बघा, विचारा" असं आमंत्रण आहे. गिऱ्हाईक ती काउंटरवर आणतं, तेव्हा विकत घेण्याचा प्रस्ताव गिऱ्हाईक मांडतं. दुकानानं तो स्वीकारला की करार. आपल्याकडे करार कायद्याच्या वर्गात आजही हा खटला शिकवतात. मुद्दाम स्वस्त किमतीचं आमिष दाखवून लोकांना फसवणं ही गोष्ट निराळी. त्याविरुद्ध तक्रार करता येते.

आणि तांदळाच्या पोतडीचं काय? आपला करार कायदा १८७२ सालचा आहे. एवढा जुना! त्याच्या ७२ व्या कलमात स्पष्ट म्हटलंय, की चुकून एखाद्याला पैसे दिले गेले किंवा वस्तू दिली गेली, तर त्यानं ती परत केली पाहिजे. वाण्यानं पन्नासच्या जागी शंभराची नोट परत दिली, तर "त्याची चूक, माझं नशीब" असं कायदा म्हणत नाही. म्हणजे चूक कुणाचीही असो, पैसे ज्याचे त्याचेच राहतात.

मला विचाराल, तर या साऱ्या गोष्टींतून मी एवढंच शिकले. आपलं नुकसान करणारी चूक दिसली, तर हक्कानं बोला. पाच पैशांची असली तरी बोला. कायद्यानं बक्षीस ठेवलं असेल तर तेही घ्या. पण चूक दिसल्यावर ती मिटवायच्या बाजूनं उभे राहा, जिवंत ठेवायच्या बाजूनं नाही. आणि चूक आपल्या फायद्याची निघाली, तर आवाज तेवढाच मोठा ठेवा.

हे लिहायला सोपं आहे. डिकी उघडी असते, उशीर झालेला असतो आणि मागे वळून कुणी बोलावत नसतं, तेव्हा ते अवघड जातं. मला गेलं, हे तुम्ही वाचलंतच.

आता तुमची पाळी. हे तीन प्रश्न घरात सगळ्यांना विचारा, आईबाबांनाही.

पहिला : बंड्यानं दुसऱ्या दिवशी घेतलेले साडेपाच डॉलर बरोबर होते की चूक? आणि चौथ्या दिवसाचे? दोन्हींत फरक असेल तर कोणता?

दुसरा : त्या आजींचा एक डॉलर कुणी द्यायला हवा होता? दुकानानं, बंड्यानं, की कुणीच नाही?

तिसरा : रिक्षावाल्याकाकांनी तुम्हाला दहा रुपये जास्त परत दिले आणि ते निघून गेल्यावर तुमच्या लक्षात आलं. आता त्या दहा रुपयांचं काय कराल?

उत्तरं आमच्या पत्त्यावर पाठवा. "मी नेहमी खरंच वागतो" अशी उत्तरं नकोत हं! जिथे तुम्ही खरोखर अडखळलात, ते लिहा. ती पत्रं मला जास्त आवडतील.

आणि हो, आज संध्याकाळी पिशवीच्या तळाचं बिल बाहेर काढा. भिजायच्या आत!

तुमची,
मावशी